अक्काचा पत्ता

अक्का भांडायची ती आनंदाने. रागाने भांडणारी माणसं पुष्कळ पाहिली; पण समोर चांगला भांडणारा भेटला की जिचा चेहरा खुलायचा, अशी माझी ही थोरली बहीणच. सकाळी वर्सोव्याहून टोपली घेऊन पारूबाई आमच्या अंधेरीच्या चाळीत शिरली की अक्का पदर खोचून दारात हजर.

“हे बांगडे? मेले कधी, गेल्या शिमग्याक?”

“तुझ्या नवऱ्यापरीस ताजे हायेत गो!” पारूबाई म्हणायची आणि दोघी हसत सुटायच्या. अख्खी चाळ चहाचे कप घेऊन ऐकायला उभी.

हा नवरा सुरतेला कापड गिरणीत होता. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केलं, तेव्हा अक्का एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. एका खोलीत मी, माझी बायको सुमन, आमची मुलगी आणि अक्का. शेजारणींची पोलकी शिवून ती चहासाखरेपुरतं कमवायची.

मग सुरतेच्या कोर्टाची नोटीस आली, गुजरातीत. अक्का ती घेऊन थेट कोपऱ्यावरच्या गुजराती वाण्याकडे. बिचारा शेठ आवाज उतरवून वाचू लागला.

“मोठ्यानं वाचा शेठ, माझ्याबद्दलच लिहिलंय ना?”

नवऱ्याला घटस्फोट हवा होता. कारण, बायको कजाग. “एवढं मात्र खरं लिहिलंन मेल्यानं,” असं म्हणून अक्का अर्धा किलो रवा घेऊन घरी आली. रवा भाजता भाजता म्हणाली, “घटस्फोट घे म्हणावं खुशाल. पण लग्न दोघांनी केलं, मग पोटाची काळजी मी एकटीनं का करायची?”

तिने वकील गाठला. बायको राहते तिथल्या कोर्टातही पोटगी मागता येते, त्यासाठी सुरतेला खेटे घालायला नकोत, असं त्याने सांगितलं आणि अंधेरीला अर्ज केला. नवऱ्याचं उत्तर आलं: ही बाई मुंबईत राहतच नाही, ती मालवणला गावी असते, इथल्या कोर्टाला अधिकार नाही. झालं. सगळं एका गोष्टीवर अडलं. अक्का राहते कुठे? वकील म्हणाला, “भावाच्या रेशनकार्डावर नाव असेल ना? ते आणा.”

आता लिहूनच टाकतो. नाव नव्हतं. ती आल्यापासून सांगत होती आणि मी “फॉर्म संपलेत”, “साहेब जागेवर नाहीत” करत टाळत होतो. मुंबईत कार्डावर नाव चढलं की उद्या खोलीत हिस्सा मागतील, ही भीती. सुमनने ती निदान बोलून दाखवली होती. मी नुसती मनात धरून बसलो. कार्ड नाही म्हटल्यावर वकिलाने मलाच साक्षीला बोलावलं. ‘बहीण माझ्याकडे राहते’, एवढंच म्हणायचं होतं. पण तेही कागदावर येणार! मी ऑफिसात ऑडिट असल्याचं सांगितलं.

“जा रे बाबल, नोकरी सांभाळ,” अक्का म्हणाली. ती सुईत दोरा ओवत होती.

ती पारूबाईला घेऊन गेली. संध्याकाळी गॅलरीत तिने अख्खं कोर्ट करून दाखवलं. नवऱ्याचा वकील म्हणे नाकात बोलायचा.

“ही बाई मुंबईत राहते हे तुम्हाला कसं माहीत?”

“म्हंजे? रोज सकालची माझ्याशी भांडते ना सायब! सुरतेवरनं येऊन भांडते काय?”

“म्हणजे बाई भांडखोर आहे, हे मान्य आहे तुम्हाला?”

“भांडखोर कशी? भाव करते! भांडखोर असती तर येवडी वर्सं मी तिच्या दारात टोपली उतरवली असती का?”

मॅजिस्ट्रेटने म्हणे रुमाल तोंडाला लावला. चाळ हसून लोटपोट झाली. मी आत बसून ऐकत होतो.

पोटगी मंजूर झाली. पुढे घटस्फोटही झाला, पण पोटगी सुटली नाही. पैसे चुकले की अक्का गिरणीच्या पत्त्यावर उघडं पोस्टकार्ड टाकायची. “पोस्टमनपासून मुकादमापर्यंत सगळे वाचतात ना, मग मनिऑर्डर धावत येते.” तिने बोरिवलीला भाड्याने खोली घेतली, शिवणयंत्र घेतलं. निघताना सुमनला म्हणाली, “आता पाय पसरून झोपा गं.” म्हणालीही हसतच.

मी अधूनमधून बोरिवलीला जायचो. तिथे ती शेजारणींना माझी ओळख करून द्यायची, “हा माझा भाऊ. केसमध्ये हाच साक्षीला उभा राहिला, म्हणून निकाल लागला.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, टोमणा मारतेय. पण ती मजेत चहा गाळत होती. तिला शेजारात आपल्या माहेराची मान खाली जाऊ द्यायची नव्हती. मी गप्प बसलो. दर खेपेला बसलो.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेली. तेराव्याला बोरिवलीच्या खोलीतून सगळे पांगल्यावर तिची शेजारीण लता दाराशी घुटमळत राहिली. तिचा नवरा हुबळीला. तो तिला नांदवत नाही, पोटगी देत नाही, आणि वर म्हणतो, ही मुंबईत राहतच नाही.

“अक्का म्हणायच्या, वेळ आली तर माझ्या भावाला धर,” ती म्हणाली. “मी इथंच राहते हे तुम्ही बघितलंय ना? याल ना भाऊ कोर्टात?”

‘अगं, तेव्हा मी गेलोच नव्हतो,’ हे अगदी ओठांवर आलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

“तारीख कधीची आहे?” मी विचारलं.