अध्यक्षांची तारीख

इमारतीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते 'अध्यक्ष'. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, मुलगा दूरदेशी. घर नुसतं खायला उठायचं. अशात सोसायटीच्या सभेत अध्यक्षपदाचं लोढणं कुणी गळ्यात घालून घेईना, तेव्हा यांनी आपणहून मान पुढे केली. आणि माणूस फुलला. गळके नळ, अडकलेली लिफ्ट, पार्किंगवरून जुंपलेली भांडणं, सगळं घेऊन लोक त्यांच्या दाराशी येऊ लागले. संध्याकाळी ते खाली बाकावर बसले की भोवती चार डोकी जमायची. खजिनदार तर म्हणायचा, "अध्यक्षांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कबुतर अंडं घालत नाही."

इमारतीला पोहण्याचा तलाव होता. फार मोठा नाही, पण एका बाजूला पुरुषभर खोल. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथला जीवरक्षक दुसरीकडे बरी नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. नवा मिळेपर्यंत तलाव बंद ठेवावा का, यावर समितीत बराच काथ्याकूट झाला. पोरांना सुट्ट्या लागलेल्या, आईबापांची भुणभुण सुरू झालेली. शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. तलाव चालू ठेवायचा आणि दाराला पाटी लावायची: 'येथे जीवरक्षक नाही. स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे.' सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी स्वतः उभं राहून पाटी ठोकून घेतली आणि निर्धास्त झाले.

जो बुडाला तो इमारतीतला नव्हता. फ्रिज दुरुस्तीची कामं करायचा. सुट्टी म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जेवायला आला होता. जीव उकडून निघत होता, म्हणून दोघं तलावात उतरले. मित्र टॉवेल आणायला वर गेला, हा एकटा राहिला आणि कडेकडेनं चालताचालता तळाच्या उतारावरून खोलात घसरला. अध्यक्ष शेजारच्याच कचेरीत पंख्याखाली बसले होते. गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक बाई किंचाळली, तेव्हा ते अनवाणी धावत आले. पाणी अगदी शांत होतं. तळाशी माणूस आडवा दिसत होता. अध्यक्ष काठावर उभे राहिले. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. त्यांनी ओरडून ओरडून माणसं गोळा केली, समोरच्या व्यायामशाळेतल्या दोघांनी उड्या टाकल्या, पण तोवर सगळं संपलं होतं.

त्याच्या बायकोनं नुकसानभरपाईचा दावा लावला, सोसायटीवर आणि अध्यक्षांवर. समन्स आलं त्या दिवशी अध्यक्ष खजिनदाराकडे गेले.

"बैठकीला आपण सगळेच होतो ना?"

"होतो हो," खजिनदार दारातच उभा राहून म्हणाला. "पण पुढाकार तुमचा, पाटी तुमची. आम्ही आपले हो ला हो केलं."

बाक हळूहळू रिकामा झाला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसते लोक घाईत असायचे. लिफ्टमध्ये शिरले की समोरच्याला मोबाईलमध्ये काहीतरी सापडायचं. मुलाचा फोन आला. "बाबा, कुणी सांगितल्या होत्या या नसत्या उठाठेवी?" म्हणाला, आणि मग तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला.

कोर्टात मात्र नेमानं जावं लागे. वकील सोसायटीच्या विमा कंपनीनं दिलेला. तो काळा कोट उडवत या खोलीतून त्या खोलीत पळत असायचा. बाहेरच्या बोळात एकच बाक. त्याच्या एका टोकाला अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला बुडालेल्याची बायको, मध्ये तिची पिशवी. ती शिंप्याच्या दुकानात कपडे उसवून लहानमोठे करायचं काम करायची. बोटाला कायम चिकटपट्टी. कितीतरी तारखा दोघं एकमेकांकडे न बघता बसले. एकदा बोळ माणसांनी तुडुंब भरला, अध्यक्ष भिंतीला टेकून उभे होते. तिनं पिशवी मांडीवर घेतली.

"बसा."

त्यानंतर थोडं थोडं बोलणं होऊ लागलं. बस उशिरा आली, न्यायाधीश रजेवर आहेत, पुढची तारीख पडणार, असलंच. ती वयानं त्यांच्या मुलाएवढी, पण 'काका' म्हणून तिनं कधी हाक मारली नाही. "अहो," एवढंच. अध्यक्ष आदल्या संध्याकाळी शर्टाला इस्त्री करून ठेवत. एकदा इस्त्री फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की आपण उद्याची वाट बघतोय, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

एके दिवशी तिनं समोर बघतच विचारलं, "अहो, तुम्ही तिथंच होतात ना? त्यांनी हाक मारली होती का?"

"मी आत होतो. खिडकी बंद होती, पंखा चालू होता. मारली असेल तर मला ऐकू आली नाही."

ती चिकटपट्टीचं टोक नखानं उचलत राहिली.

साक्षीच्या आधी वकिलानं बजावलं, "पाटी वाचूनही तो उतरला, पोहता येत नसताना खोलात गेला, एवढंच बोला. फाटे फोडू नका." अध्यक्षांनी तसंच सांगितलं. मग तिचा वकील उठला.

"पाटी लावलीत. पण कुणी बुडायला लागलं, तर त्याला बाहेर कोण काढणार होतं?"

अध्यक्ष कठड्याला धरून उभे होते.

"कुणी नाही," ते म्हणाले. "तो विचारच आम्ही केला नाही. पाटी लावली आणि सुटलो, असं मला वाटलं."

त्यांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. इमारतीत बातमी त्यांच्या आधी पोचली. खजिनदारानं लिफ्टचं दार त्यांच्या तोंडावर बंद होऊ दिलं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं की पाटीनं जबाबदारी टळत नाही. धोका माहीत होता म्हणूनच पाटी लावली, आणि माहीत असूनही तलाव उघडा ठेवला. मयतानंही सांभाळायला हवं होतं, म्हणून भरपाईत थोडी कपात झाली. बाकी भार सोसायटी आणि अध्यक्ष यांच्यावर; त्यातलं बरंचसं विम्यानं उचललं.

बाहेर ती पिशवी खांद्याला लावत होती. अध्यक्ष जवळ गेले. "बाई, मी..."

"नका बोलू काही," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोललात, ते मी ऐकलं. त्यानं माझा माणूस परत येत नाही." मग पिशवी सावरत म्हणाली, "जाते मी."

'येते' म्हणाली नाही.

समिती बदलली, नवा जीवरक्षक आला, तलाव पुन्हा उघडला. पोरांचा आरडाओरडा वरपर्यंत यायचा. अध्यक्ष खिडकी लावून घ्यायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडायचे. नाहीतर घरात आवाजच नसायचा.

एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कोर्टाची बस पकडली. बोळात बसून राहिले. ओळखीचा शिपाई थांबला.

"आज तारीख आहे का तुमची?"

"नाही."

"मग?"

"बसलोय जरा."

शिपाई फायली घेऊन पुढे गेला. थोड्या वेळानं पोराला कडेवर घेतलेली एक बाई जागा शोधत आली, तेव्हा अध्यक्ष उठले आणि जिन्यानं खाली उतरले.