गेजसाहेबांचं रक्त नापास

कारखान्यात त्यांना गेजसाहेब म्हणत. तपासणी खात्यात उभी हयात गेली. यंत्रावरून उतरलेला नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर हिरव्या पेटीत, नाही बसला तर लाल पेटीत. तिसरी पेटी त्यांनी कधी ठेवली नाही. "साहेब, परत एकदा मोजा ना," असं कुणी काकुळतीला आलं, की ते म्हणत, "दुसऱ्यांदा मोजायचं ते भीक घालायला." धाकटा जावईही त्यांच्या मते लाल पेटीतलाच होता, पण मुलीनं तो आधीच घरी नेला होता.

तर अशा माणसाला खात्याचा प्रमुख करायचं ठरलं. अट एकच: तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला. रक्त दिलं, रिपोर्ट आला आणि त्यात दोन आकड्यांपुढे मर्यादा ओलांडल्याच्या चांदण्या होत्या. एसजीओटी वर गेलेलं, पांढऱ्या पेशी किंचित खाली.

गेजसाहेबांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि रिपोर्टवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: नापास.

"अहो, डॉक्टरांना तरी दाखवा," बायको म्हणाली.

"मर्यादेबाहेर म्हणजे बाहेर. उद्या नाव मागे घेतो."

"घ्या की. मग त्या खुर्चीत चालतंयराव बसेल."

चालतंयराव म्हणजे खात्यातला दुसरा तपासनीस. वाकडा नग हातात घेऊन "चालतंय की!" म्हणण्याची त्याची ख्याती होती. गेजसाहेब चपला घालू लागले.

डॉक्टरीण मुलीच्या वयाची. तिनं आधी लाल शेरा वाचला. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"बरं. काका, रक्त द्यायच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?"

"कपाट माडीवर चढवलं. हमाल भिंतीला ओरखडे पाडतात."

"लोखंडी कपाट?"

"मग काय पुठ्ठ्याचं?"

"मग स्नायूंनी बोंब मारली असेल. एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. यकृताचे बाकीचे आकडे ठीक आहेत. दोन आठवडे काही उचलू नका, मग परत तपासू."

"परत?" गेजसाहेबांना शिवी ऐकल्यासारखं झालं. "आणि त्या पेशी?"

"ही मर्यादा कशी ठरते सांगू? धडधाकट माणसांचं रक्त तपासायचं आणि शंभरातले मधले पंच्याण्णव आत धरायचे. बाहेर राहतात ते पाचही धडधाकटच. इतक्या तपासण्या एकदम केल्या की एखादी चांदणी कुणालाही चिकटते."

"म्हणजे पाच चांगले नग तुम्ही नापास करता?"

"नापास कोण करतंय? आम्ही फक्त विचारतो, बाबा रे, तुझं काय? मग माणूस बघतो, त्रास विचारतो, गरज पडली तर पुन्हा मोजतो."

"आमच्याकडे असा कारभार चालला असता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं."

"तुमच्याकडचे नग आदल्या दिवशी कपाटं उचलत नाहीत, काका."

दोन आठवडे बायकोनं त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. दुसऱ्या खेपेला एसजीओटी गुमान मर्यादेत आलं. पांढऱ्या पेशी मात्र तिथंच, उंबऱ्याबाहेर. डॉक्टरिणीनं ताप, जंतुसंसर्ग, औषधं, सगळं खोदून विचारलं. काही निघालं नाही. "तुमचं हे नेहमीचंच दिसतंय. सहा महिन्यांनी पुन्हा बघू," म्हणत तिनं दाखल्यावर सही केली.

"चांदणी असताना सही?"

"नको असेल तर फाडते."

गेजसाहेबांनी दाखला तिच्या हातातून इतक्या चपळाईनं काढून घेतला, की दोन आठवड्यांची विश्रांती कामी आल्याची तिची खात्री पटली.

कारखान्याच्या कचेरीत कारकुनानं दाखल्यासोबत रिपोर्टही मागितला. चांदणीवर बोट ठेवून तो म्हणाला, "साहेब, हे काय?"

झालं! गेजसाहेबांनी खुर्ची ओढली. शंभरातले पंच्याण्णव म्हणजे काय, उरलेल्या पाचांवर अन्याय कसा होतो, माणूस न बघता नुसत्या आकड्यावर शेरा मारणारे किती उथळ असतात, हे त्यांनी असं पोटतिडकीनं मांडलं, की जणू हा शोध त्यांनीच कपाटाखाली चिरडता चिरडता लावला होता. मागे रांग वाढली. कुणीतरी जांभई दिली. पेशींवरून ते यकृताकडे वळणार, तेवढ्यात कारकुनानं शिक्का उचलून दाणकन मारला. त्याला पटलं होतं असं नाही; जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि डबा अजून उघडायचा होता.