जसुलीदीची भिटौली

चैत लागला की मुन्स्यारीत गाड्या वाढतात आणि जसुलीदीचं कामातलं लक्ष कमी होतं. पुढे तिचं चहाचं दुकान, मागे घर, वरच्या खोलीत भाड्यानं मी. प्रवासी पंचचूलीची शिखरं उघडतील म्हणून ढगांकडे बघत बसतात, ही रस्त्याकडे. चैतात भाऊ बहिणीच्या सासरी भिटौली आणतो: नवं कापड, पुऱ्या, रव्याची गोड, तळलेली सिंगलं. बहीण ते घरोघरी वाटते. यंदा महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, तरी तिचा भाऊ दीवान आला नव्हता.

म्हणजे येत होता. टॅक्सी चालवतो, थलहून प्रवासी आणतो, तिच्या दारावरूनच जातो. थांबत मात्र नव्हता. हिवाळ्यात त्यांची आई गेली, सिंगल तळणारं घरात कुणी उरलं नाही, आणि चैतात रिकाम्या हातानं बहिणीचा उंबरा ओलांडायचा नसतो. तिनं हाक मारायची, तर ते मागितल्यासारखं. ओळखीचा हॉर्न आला की ती पातेलं घासायला घ्यायची, घासलेलंच.

त्या दुपारी त्याच्या गाडीतल्या एका बाईंना वळणांनी मळमळायला लागलं. गाडी दुकानासमोरच थांबवावी लागली. जसुलीदीनं त्यांना बाकावर आडवं केलं, लिंबू दिलं. दीवान टायर निरखत उभा राहिला.

"गोलच आहे तो," ती म्हणाली. "आत ये."

"हात रिकामे आहेत, दिदी."

"म्हणून महिनाभर नुसता हॉर्न? म्हैस हाकतोस का?"

"बाजारची मिठाई आणली असती, तर तू..."

"तोंडावर फेकली असती."

"तेच म्हणतोय."

ती आत गेली, पुन्हा बाहेर आली. पदरानं हात पुसले, कोरडेच.

"मागच्या दारानं ये. तिथून भाऊ येत नाही, गडी येतो."

चुलीपाशी तिनं रवा, दही, केळं त्याच्यापुढे सरकवलं. स्वतः हात लावला नाही, तोंड मात्र थांबलं नाही. "पातळ झालं. आता घट्ट. हात गोल फिरव रे, गाडी वळवतोस ना?" तुपात वेडीवाकडी वेटोळी पडू लागली. बाहेरून प्रवासी ओरडले, "भैया, निघायचं का? ढग येतायत." दीवाननं पुढचा घाणा सोडला.

मग ताट घेऊन तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि घराला वळसा घालून पुढे आला. तोवर तिनं साडी बदलली होती. उंबऱ्यात तिनं त्याच्या कपाळावर टिळा लावला.

"कापड पुढच्या खेपेला," तो म्हणाला.

"चैत संपेल."

"मग वैशाखात आणीन."

पहिलं सिंगल कागदात गुंडाळून तिनं बाकावरच्या बाईंच्या हातात दिलं.

"आता खाऊ नका. घरी न्या. माझ्या माहेरचं आहे."