वाकडी चिकटलेली पट्टी

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नववीत होते. देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या घरात पाळी आली की चार दिवस मागच्या ओसरीत बसायचं, कुणाला शिवायचं नाही. माझी कंबर इतकी दुखायची की मी गुडघे पोटाशी घेऊन रडत पडायचे.

उसाच्या मोळ्या उचलून वडिलांची कंबर धरायची, म्हणून ते बेलापूरच्या बाजारातून औषधाची चिकटपट्टी आणत. त्यातलीच एक आईनं लांबून माझ्याकडं टाकली.

"लाव कंबरंला. लई आराम पडतो."

"माझा हात मागं पोचत न्हाई. तू लाव ना."

"आता शिवू का तुला? लाव तुझी तू."

दारातल्या कुत्र्याला ती रोज हातानं भाकरी भरवायची. मला पट्टी लावायला मात्र तिचा हात विटाळत होता. उंबऱ्यात उभी राहून ती सांगत राहिली, "आनखी खाली. डावीकडं घे. दाब आता." माझ्या हातात पट्टी दुमडली आणि भलतीच वर, वाकडी चिकटली.

चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायल्यावर आईनं ती ओढून काढली. कातडी लालेलाल झाली होती.

"इतक्या वर कशाला लावलीस गं?" म्हणत तिनं कंबरेवर हात ठेवला, नेमका दुखायचं तिथं. "हितं दुखतंय व्हय?"

तिचा हात झटकून टाकावा असा राग आला होता. दुखायचं तर दोन दिवसांपूर्वीच थांबलं होतं. तरी मी "व्हय" म्हणाले, तिनं हात काढू नये म्हणून.