गाडीचं टेन्शन

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत तो गाड्या पुसायचा. मी चार महिने मुलीकडे परदेशी जाणार होतो आणि माझी इलेक्ट्रिक गाडी उघड्यावर राहणार होती. बॅटरी निम्मी चार्ज करून मी कव्हर घालायला त्याला बोलावलं. त्यानं अंगठ्यानं एकेक टायर दाबून पाहिला, चाकांना विटा लावल्या.

फडका खांद्यावर टाकत म्हणाला, "साहेब, गाडीचं टेन्शन गेलं. वर आजी एकट्या हायत, त्यांचं काय?"

"आईला शेजारी आहेत ना," मी म्हणालो. शेजाऱ्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

परतलो तेव्हा आई काठीवर चालत होती. ती बाथरूममध्ये पडली, त्या सकाळी बेल वाजवूनही दार उघडेना म्हणून त्यानंच दार तोडलं होतं. तो रोज बेल वाजवायचा.

आईला त्याचं नाव माहीत आहे. मला ते तिला विचारायची लाज वाटते.