विकेट पाहिजे, घाम नको

"तुझा घाम नको लावू बॉलला. सगळ्यांच्या हातात जातो तो."

ताई म्हणाली. ताई म्हणजे आमच्या क्लबची कॅप्टन. भर मैदानात, सगळ्या पोरींसमोर. मी कपाळाचा घाम बोटावर घेऊन बॉलला लावला होता, एवढंच. तिनं बॉल माझ्याकडून घेतला, कमरेला खोचलेल्या रुमालानं पुसला. मग स्वतःच्या मानेचा घाम लावला, पँटवर घासला आणि माझ्याकडे टाकला. हातात नाय दिला. टाकला.

कुणीतरी हसलं. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझे पप्पा नाशिकच्या गटारांत उतरतात. इंदिरानगरात ताईच्या सोसायटीचं चेंबर तुंबलं, तेव्हा पप्पाच उतरले होते. मी डबा द्यायला गेले होते. तिनं गॅलरीतून आम्हा दोघांना बघितलं. त्याआधी वर्षभर माझा घाम तिला बिनबोभाट चालत होता. आलं ना लक्षात?

मी डावखुरी स्पिनर. लोक म्हणतात, स्पिनरला चमक कशाला? अहो, लागते! चार बॉल वळवायचे, आणि पाचवा तसाच हात फिरवून सरळ आत घालायचा. बॉल वळेल म्हणून बॅटर खेळते आणि दांडी उडते. बॉलची एक बाजू चमकवली तरच तो नीट पडतो. माझा सगळ्यात भारी बॉल. तो मी ताईच्या मर्जीवर टाकायचा. तिनं घासून दिला तर टाकायचा, नाय तर गप्प वळवत बसायचं.

दोन सीझन पाळलं मी हे. का? जिल्ह्याच्या निवडीला क्लबातून तीन नावं जातात. ती ताई आणि आमचे कोच सर ठरवतात. मला जिल्ह्याकडून खेळायचं होतं. त्यापायी सगळं गिळलं.

यादी जायच्या आधीची शेवटची मॅच. समोरची पोरगी सत्तरवर खेळत होती, कुणाला आवरेना. ताईनं बॉल माझ्याकडे फेकला, "काढ हिला." म्हणजे विकेट माझी पाहिजे. घाम नको. माझं डोकंच फिरलं. भुवईवरचा घाम पुसला, बॉलला लावला, सगळ्यांना दिसेल असा निवांत घासला.

"ए! काय सांगितलंय तुला?"

मी टाकला. मधली दांडी गेली.

विकेट पडली की सगळ्या धावत येतात, गळ्यात पडतात. माझ्याकडे एक आली नाय. सगळ्या ताईच्या तोंडाकडे बघत उभ्या. ताई आली ती बॉल पुसायला. ती ओव्हर संपली आणि पुन्हा बॉल मला मिळाला नाय. मॅच आम्ही जिंकलो.

सरांनी बाजूला घेतलं. "सॉरी म्हण तिला. नाव जातंय तुझं, कशाला वातावरण खराब करतेस?"

"सर, माझं चुकलं काय ते सांगा."

"ते मला नको विचारू."

घरी पप्पा म्हणाले, "म्हणून टाक ना बाळा. एका शब्दानं काय जातंय?"

आधी पप्पांचाच राग आला. चूक नसताना साहेबांची माफी मागत जन्म गेला त्यांचा. मग कळलं, राग त्यांच्यावर काढून उपयोग नाय. त्यांना ही सवय लावणारे वेगळे आहेत.

मी सॉरी म्हटलं नाय. यादी गेली. माझ्या जागी जी गेली, तिच्या विकेटी माझ्या निम्म्यापण नव्हत्या. लय रडले. खोटं कशाला बोलू?

मग अर्ज लिहिला. कोण काय बोललं, कधी बोललं, शब्दन् शब्द. निवड समितीच्या ऑफिसात नेऊन दिला. टेबलावरच्या बाईंनी उभ्याउभ्या वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, करिअर संपेल तुझं."

मी म्हटलं, "मॅडम, पोच द्या."

त्यांनी शिक्का मारला. उत्तर अजून आलेलं नाय. मी आता सिन्नरच्या एका टीमकडून खेळते, एसटीनं जाते-येते. दर निवडीला जाऊन उभी राहणार आहे. मला काढायचं तर खुशाल काढा. पण का काढलं ते कागदावर लिहा आणि खाली सही करा.