हसवलेली आई

समारंभांत तिला सगळे खारूताई म्हणत. खांबाआडून, खुर्च्यांमधून ती कॅमेरा घेऊन सुळकन निघे आणि कुणाला कळायच्या आत फोटो काढून झालेला असे. अठरा वर्षं एका स्टुडिओत "हनुवटी वर, जरा हसा" म्हणून म्हणून तिचं डोकं उठलं होतं. पन्नाशीत नोकरी सोडली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "आता माणसं असतील तशीच टिपणार. पटेल तो बोलावेल."

एका दुपारी ऐंशीव्या वाढदिवसाचं काम होतं. वाढदिवस शिवणबाईंचा. चाळीस वर्षं त्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सहा मशिनी मांडून क्लास घेत होत्या. हॉलमधल्या निम्म्या बायका त्यांच्याच हाताखाली काजं करायला शिकलेल्या. केक कापून झाला आणि मुलाने माइक घेतला.

"आईसाठी सरप्राइज! आजपासून क्लास बंद. उद्या टेम्पो येऊन मशिनी नेईल आणि आई आमच्याकडे आराम करायला येईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवणबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. ओठ घट्ट मिटून, नाकपुड्या फुलवून त्या मुलाकडे बघत राहिल्या. टेबलावरचं कापड मुठीत आवळलेलं. खारूताईने फोटो काढला.

दोन आठवड्यांनी मुलाने तोच फोटो सगळ्यांना पाठवला. खाली खारूताईचं नाव आणि आभार. फोटोत शिवणबाई हसत होत्या, पांढरेशुभ्र दात दाखवून. मूठ मात्र तशीच आवळलेली.

खारूताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन लावला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"अहो, आई हसतच नव्हती ना! मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. मस्त आलाय की."

"ते दात कुणाचे आहेत?"

"म्हणजे?"

"तुमच्या आईचे पुढचे दोन दात पडलेत. मी तीन तास त्यांच्याकडे बघत होते. तुम्ही बघितलंय का कधी?"

"ताई, वाढदिवसाला कुणी रडका फोटो लावतं का?"

"रडका नाही, चिडलेला आहे तो. माझं नाव काढा त्यावरून."

त्याने फोन ठेवला. नाव तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूताई खरा फोटो छापून त्याच्या घरी गेली. दार सुनेने उघडलं. शिवणबाई रिकाम्या हातांनी सोफ्यावर बसल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर तो हसवलेला फोटो, चांगला हातभर. खारूताईने खरा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला.

"एवढी चिडले होते मी?" फोटो डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं.

"याहून जास्त. राग कॅमेऱ्यात मावला तेवढाच आला."

"इथे सगळे म्हणतात, तू किती खूश होतीस, फोटो बघ! परवापासून मलाही वाटायला लागलं होतं, असेन बाई."

त्या उठल्या. चौकट खिळ्यावरून उतरवली, मागच्या पिना नखाने उचकटल्या आणि आतला फोटो काढून खरा बसवला. तेवढ्यात मुलगा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला.

"आई, हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोक टाळ्या वाजवत होते. कशाला वाजवल्या ते बघू देत आता. आणि माझ्या मशिनी कुठायत?"

"वाटून टाकल्या गं. एक आहे, माझ्या दुकानाच्या माळ्यावर."

"ती इथे पाहिजे. या खिडकीशी."

मशीन यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस शिवणबाई मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत. क्लास काही पुन्हा उभा राहिला नाही. जुन्यांपैकी दोघी येतात, तेवढंच. फोटो भिंतीवर आहे. पाहुणे आले की मुलगा त्याच्याकडे पाठ करून बसतो.

त्याने खारूताईची तक्रार चार घरांत केली. तिथून तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याचा तिला राग आहेच, पण स्वतःचाही आहे. त्या दुपारी भरल्या हॉलमध्ये बाईंना काय झालंय हे तिला एकटीला दिसलं होतं, आणि तिने नुसता फोटो काढला.